सुरतचा झाडू आणि शिलोहाचे तळे



सुरतच्या लिंबायत, उधना भागात खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यांना १९९४ चे साल वेगळे सांगावे लागत नाही.

त्या पावसाळ्यात तापीला पूर आला. पाणी ओसरल्यावर सखल वस्त्यांत चिखल, कचरा आणि मेलेली जनावरे राहिली. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वेड रोड परिसरात फुफ्फुसाच्या प्लेगचे रुग्ण आढळले. हा रोग खोकल्यातून पसरतो. काही दिवसांतच लाखो लोकांनी शहर सोडले. कोणी सौराष्ट्रात गेले, कोणी खानदेशात. अनेक खाजगी डॉक्टरही दवाखाने बंद करून निघून गेले. सरकारी नोंदीप्रमाणे देशभरात पन्नासहून अधिक माणसे दगावली.

थोडेच दिवस आधी आपल्या बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीचा प्लेग दिसला होता. अभ्यासकांनी त्याचे कारण असे मांडले : ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भीतीने लोकांनी घरे सोडली. आत साठवलेल्या धान्यावर उंदीर वाढले, उंदरांबरोबर पिसवाही वाढल्या. म्हणजे जमीन, धान्य, प्राणी आणि माणूस एकाच सूत्रात बांधलेले आहेत. एक टोक तुटले की दुसरे दुखू लागते.

अशा वेळी काही जण म्हणतात, हा देवाचा कोप. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनीही जन्मांध माणसाकडे पाहून हाच प्रश्न केला होता : पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोघांनाही दोष दिला नाही. तो खाली वाकला, थुंकीने माती कालवली, ती त्या माणसाच्या डोळ्यांना लावली आणि त्याला शिलोहाच्या तळ्यात धुवायला पाठवले. देवाची कृपा माती आणि पाणी यांतूनच त्याच्या शरीरापर्यंत पोहोचली.

सुरतलाही पुढे तेच उमगले. मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. अधिकाऱ्यांना रोज सकाळी वस्त्यांत फिरणे भाग पडले, कचरा वेळेवर उचलला जाऊ लागला, रस्ते रात्रीही झाडले जाऊ लागले, झोपडपट्ट्यांत पाणी आणि शौचालये पोहोचली. दोनेक वर्षांतच हे शहर देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरांमध्ये गणले जाऊ लागले.

अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात मोशे इस्राएलाला छावणीबाहेर खड्डा खणून मळ झाकायला सांगतो, कारण परमेश्वर छावणीतून फिरतो. गटाराचा विषय शास्त्राला हलका वाटत नाही. मग आपल्याला का वाटावा?

आपण मंडळीत आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो, ती करीतच राहू. पण ज्याच्या झाडूमुळे आपले लेकरू आजारी पडत नाही, त्या सफाई कामगाराचे नाव आपल्याला ठाऊक आहे का? या रविवारी उपासनेनंतर त्याला घरी बोलवा, बसायला खुर्ची द्या, आपल्याच कपात चहा द्या. नंतर मंदिरामागची तुंबलेली नाली आपण सर्व मिळून साफ करू.

प्रभू आपल्या हातांनाही माती लागू देवो. आमेन.