ट्रंकांतील काळ्या फिल्मा

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे जुने दिवस आठवावे, वडिलधाऱ्यांचीं नांवें घ्यावीं आणि शक्य तर त्यांचीं मुखेंहि पाहावीं, अशी इच्छा सर्वांस होते. नांवांची अडचण फारशी पडत नाहीं. स्नानसंस्काराच्या, विवाहाच्या व दफनाच्या वह्या ख्रिस्तसभेनें जितक्या काळजीनें राखिल्या, तितक्या काळजीनें गरिबांच्या संबंधाचा दुसरा कोणताहि कागद क्वचितच राखिला गेला असेल. आईबापांचीं नांवें, गांव, साक्षीदार, दिवस, सारें तेथें सांपडतें. परंतु वहींत मुख दिसत नाहीं. विंचूर हें विठ्ठल शिवदेवांच्या घराण्याचें गांव. त्या घराण्याचा इतिहास बखरींत आहे, पत्रव्यवहारांत आहे, वाड्याच्या भिंतींत आहे. त्याच शिवारांत राबणाऱ्या माणसांचा इतिहास शोधावयाचा तर साधनें तीनच: चर्चच्या वह्या, म्हाताऱ्यांच्या आठवणी, आणि ट्रंकेच्या तळाशीं जुन्या बिस्किटांच्या डब्यांत पडलेल्या काळ्या फिल्मा व कांचा. पहिल्या दोहोंविषयीं या अंकांत इतरांनीं लिहिलें आहे. मी तिसऱ्या साधनाविषयीं लिहितों.

ज्यांनीं आपले सारे फोटो फोनवरच काढिले त्यांच्यासाठीं दोन शब्द अधिक. पूर्वीं कॅमेऱ्यांतील कांचेवर किंवा फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर दिलेला असे. ज्या ठिकाणीं उजेड पडे तेथें, रसायनांत धुतल्यावर, चांदीचे सूक्ष्म काळे कण मागें राहत. म्हणून फादरांचा पांढरा झगा काळा व काळी दाढी पांढरी, असें उलटें चित्र तयार होई, तीच निगेटिव्ह. तिच्यावरून कागदावर सुलट फोटो उतरे, आणि हव्या तितक्या प्रती काढितां येत. म्हणजे निगेटिव्ह ही अस्सल व फोटो ही नक्कल. खरेदीखताची नक्कल चौकटींत लावून अस्सल खत उकिरड्यावर टाकणाऱ्यास आपण वेडा म्हणूं. पण फोटोंच्या बाबतींत घरोघर हेंच झालें आहे.

ही विद्या आपल्या प्रांतांत लवकर आली. मुंबईस इ. स. १८५४ मध्यें बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या सभासदांपैकीं एक. त्या काळीं कांचेच्या प्लेटी, लांकडी कॅमेरा, तिवई, काळें कापड व रसायनांच्या बाटल्या असा सारा संसार बैलगाडींतून न्यावा लागे. आपल्या लोकांपर्यंत कॅमेरा पोहोंचला तो बहुतांशीं मिशनरी फादरांच्या हातून. इ. स. १९८७ मध्यें नाशिक धर्मप्रांत निराळा होईपर्यंत आपला जिल्हा पुणें धर्मप्रांतांत मोडत असे, आणि तेथील आरंभींचे फादर बहुधा जर्मन भाषा बोलणारे जेज्वीट होते. आपल्या दौऱ्यांच्या हकीकती त्यांनीं युरोपांत पाठविल्या. ‘डी काथोलिशेन मिसिओनेन’ हें जेज्वीटांचें सचित्र मासिक इ. स. १८७३ पासून निघूं लागलें आणि पुढें जगभरच्या मिशनांचे फोटो त्यांत येत गेले. इकडे राहुरी तालुक्यांतील केंदळ येथून इ. स. १९०३ मध्यें ‘निरोप्या’ निघाला. तो काढणारे फादर हेन्री डोरिंग पुढें १९०७ मध्यें पुण्याचे महागुरुस्वामी झाले. पहिलें महायुद्ध पेटतांच जर्मन फादरांना अटकेंत ठेवून नंतर देशाबाहेर पाठविण्यांत आलें. महागुरुस्वामी डोरिंग त्या वेळीं युरोपांत होते, त्यांनाहि परत येतां येईना. अशा धांवपळींत कांचेच्या जड प्लेटी कोण सांभाळणार? जुन्या मिशनच्या चित्रांपैकीं जीं मासिकांत छापलीं गेलीं तीं परदेशच्या ग्रंथालयांत पाहावयास मिळतात. येथें जी प्लेट शिल्लक असेल ती म्हणूनच मोलाची.

फोटोंच्या विद्येचा विषय निघाला असतां आपल्याच जिल्ह्यांतील एका पुरुषाचें नांव घेतल्यावांचून पुढें जाववत नाहीं. धुंडिराज गोविंद फाळके हे त्र्यंबकेश्वरीं १८७० मध्यें जन्मले आणि नाशकास १९४४ मध्यें वारले. मूकपट काढण्यापूर्वीं त्यांनीं गोध्र्यास फोटोग्राफीचा धंदा केला होता. मुंबईस १९१०-११ च्या सुमारास त्यांनीं ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला, आणि तो पाहतांना, असें आपल्या देवादिकांचें चित्र पडद्यावर कां येऊं नये, हा विचार त्यांच्या मनांत शिरला. त्यांतूनच १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’. कोऱ्या फिल्मला कडेचीं भोंकें पाडण्याचें काम घरींच चाले, व तें त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. इतक्या कष्टानें काढिलेल्या चित्रपटांचीं थोडींच रिळें आज उरलीं आहेत, आणि तींहि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानें (स्थापना १९६४) शोधून सांभाळिलीं म्हणून. एवढ्या मोठ्या माणसाच्या फिल्मांची ही गत, मग आपल्या बिस्किटांच्या डब्याची काय कथा!

आतां मापांकडे वळूं, कारण खरी अडचण तेथेंच आहे. आजच्या फोटोच्या दुकानांत निगेटिव्ह नेली तर पस्तीस मिलिमीटरची असल्यास, आणि नशीब असल्यास, घेतात; बाकीची पाहून ‘ही कसली?’ म्हणून परत करतात. पूर्वीं प्रत्येक कॅमेऱ्याचें माप निराळें असे. कांचेच्या प्लेटींत क्वार्टर प्लेट सव्वातीन बाय सव्वाचार इंच, हाफ प्लेट पावणेपांच बाय साडेसहा, आणि फुल प्लेट साडेसहा बाय साडेआठ. गुंडाळीच्या फिल्मांना कोडॅक कंपनीनें आंकडे दिले. ११६ नंबरची फिल्म १८९९ मध्यें आली, तिचें चित्र अडीच बाय सव्वाचार इंच. १२० नंबर १९०१ मध्यें. १२२ नंबर १९०३ मध्यें, सव्वातीन बाय साडेपांच, म्हणजे थेट पोस्टकार्डाएवढें. १२७ नंबर १९१२ मध्यें खिशांत मावणाऱ्या कॅमेऱ्यासाठीं निघाला, आणि महायुद्धांत अनेक शिपायांनीं तो बरोबर नेला. ६१६ व ६२० हे नंबर १९३०-३५ च्या सुमाराचे. फिल्म ११६ व १२० चीच, फक्त फिरकी बारीक. यांपैकीं १२२ नंबर १९७१ मध्यें बंद झाला, ११६ व ६१६ हे १९८४ मध्यें, आणि १२७ व ६२० कोडॅकनें १९९५ मध्यें थांबविले. केवळ १२० नंबर अद्याप अनेक कंपन्या करितात. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे ज्यानें घराघरांत प्रवेश केला तो भारतांत बनलेला अग्फा क्लिक ३. त्यांत याच १२० फिल्मवर सहा सेंटिमीटरचीं बारा चौरस चित्रें येत. हरेगांवच्या मतमाउलीच्या यात्रेचे, पहिल्या कम्युनियनचे, नव्या नवरानवरीचे चौकोनी फोटो ज्यांच्या घरीं आहेत त्यांनीं तो कॅमेरा आठवावा.

हा मापांचा घोळ त्रासदायक खरा, पण इतिहास लिहिणाऱ्यास तो उपकारकहि आहे. निगेटिव्हच्या पाठीवर तारीख लिहिण्याची चाल नव्हती. मापावरून मात्र एक मर्यादा कळते: १२७ नंबरची फिल्म असेल तर फोटो १९१२ च्या पूर्वींचा असणें शक्य नाहीं. चौरस, एका कडेला भोंक असलेली, सुमारें अठ्ठावीस मिलिमीटरची फिल्म १९६३ नंतरचीच. ‘आजोबांचा हा फोटो शंभर वर्षांपूर्वींचा’ असें घरांतील मंडळी आग्रहानें सांगतात, तेव्हां फिल्म हातांत घेऊन आग्रह थोडा सौम्य करावा लागतो.

या मापांच्या निगेटिव्ह संगणकांत कशा उतरवाव्या? त्याला स्कॅनर लागतो, पण कागदाचा नव्हे. ज्याच्या झांकणांतहि दिवा असून उजेड फिल्ममधून आरपार येतो असा. साध्या यंत्रांत हा उजेडाचा पट्टा जेमतेम पावणेतीन इंच रुंद असतो. त्यांत ११६ ची फिल्म मावते, परंतु तिची चौकट बाजारांत मिळत नाहीं. ती काळ्या जाड पुठ्ठ्याची घरींच कापावी. १२२ नंबर किंवा क्वार्टर प्लेट असेल तर दोन वेळां वाचून दोन तुकडे संगणकांत जुळवावे, किंवा मोठ्या झांकणाचें यंत्र मिळवावें. फिल्मचा चकचकीत भाग स्कॅनरच्या कांचेस चिकटला तर चित्रावर इंद्रधनुष्यासारखीं वलयें उमटतात. म्हणून मंद दिसणारी, म्हणजे चांदीच्या थराची बाजू खालीं ठेवावी व चित्र संगणकांत उजवें-डावें फिरवून घ्यावें. पुठ्ठ्याची जाडी कमीजास्त करून चित्र कोठें ठळक येतें हेंहि पाहावें लागतें. सत्तर वर्षें गुंडाळून राहिलेली फिल्म सरळ होत नाहीं. ती ओढूं नये. स्वच्छ कागदांत ठेवून जाड पुस्तकांखालीं आठवडाभर दाबावी. कांचेच्या प्लेटीला मात्र कसलाहि दाब देऊं नये. धूळ मऊ ब्रशनें झाडावी, ओलें फडकें लावूं नये. यंत्रांत धूळ आपोआप काढण्याची जी सोय असते ती काळ्यापांढऱ्या फिल्मवर चालवूं नये, कारण ती अदृश्य उष्ण किरणांवर चालते आणि चांदीचे कण त्या किरणांस अडवितात. यंत्र चांदीलाच धूळ समजून मुखें पुसूं लागतें.

एका इंचांत २४०० ठिपके या प्रमाणानें ११६ ची निगेटिव्ह वाचिली तर सहा हजार बाय दहा हजार दोनशें, म्हणजे सहा कोटींहून अधिक ठिपके मिळतात. वीस इंच रुंदीचा फोटो त्यांतून निघूं शकतो. मूळ छापील प्रत मात्र अडीच इंचांचीच असे. खेडोपाडीं वीज नव्हती. निगेटिव्ह व कागद एका चौकटींत एकमेकांस लावून उन्हांत धरीत आणि ऊनच फोटो छापी. त्यामुळें प्रत निगेटिव्हएवढीच. म्हणजे ज्या निगेटिव्हमध्यें माणसाच्या कपाळावरची आठी आहे, ती आठी त्याच्या नातवानें कधींच पाहिलेली नाहीं.

या अंकासाठीं आलेल्या एका निगेटिव्हचें उदाहरण देतों. एका सणाच्या दिवशींचा समूह आहे. भिंतीवरच्या चौकटींत तो फोटो आम्हीं सर्वांनीं पाहिला होता: मध्यें फादर, शेजारीं शाळेचे मास्तर, पुढें मांडी घालून मुलें. फोटो चौकटींत बसवितांना कोणीं कडा कापिली होती. निगेटिव्ह वाचून पाहतों तों डाव्या कडेला तीन बाया उभ्या, एकीच्या कडेवर मूल, आणि त्यांच्यामागें बैलाचा कासरा धरून एक पुरुष. स्वयंपाक त्यांनीं केला असेल, गाडी त्यानें जुंपली असेल; चित्रांत ते पहिल्या दिवसापासून होते, चौकटींत मात्र त्यांना जागा मिळाली नाहीं.

आजहि हाच कापाकापीचा धोका आहे, आणि तो यंत्रानें होतो. चार बाय सहाच्या कागदावर ११६ चें चित्र पूर्ण भरून छापावें असें दुकानदारास सांगितलें कीं यंत्र चित्र सहा इंच आठ दशांश लांब करून उरलेला भाग दोन्ही टोकांकडून कापून टाकितें. आठांतला एक हिस्सा गेला, म्हणजे कडेचीं माणसें गेलीं. म्हणून फोटो छापावयास देतांना पांढरी कोर राहूं द्या पण चित्र पुरें छापा, असें स्पष्ट सांगावें. तीच गोष्ट सुशोभित करण्याची. ओरखडा बुजवावा, बुरशीचा डाग काढावा. परंतु ठिगळ लावलेलें लुगडें नवें करूं नये, किंवा अनवाणी पायांत जोडा घालूं नये. संगणकास तें सहज जमतें, म्हणूनच सांगणें भाग आहे.

एक गोष्ट जपून करावी. १९५० पूर्वींच्या कांहीं फिल्मा नायट्रेटच्या असत, व त्या अत्यंत ज्वालाग्राही आहेत. पुण्यास जानेवारी २००३ मध्यें अशाच नायट्रेटच्या साठ्यास आग लागून जुन्या चित्रपटांचीं अनेक रिळें जळालीं. फिल्मच्या कडेवर ‘सेफ्टी’ हा शब्द असेल तर चिंता नाहीं. शब्द नसून फिल्म पिवळी, चिकट किंवा भुकटी होऊं लागलेली दिसली तर ती चुलीपासून व पत्र्याच्या तापलेल्या छपरापासून दूर, हवा लागेल अशी ठेवावी, आणि पेटवून पाहण्याची परीक्षा कोणीं करूं नये. सेफ्टीच्या फिल्मलाहि रोग होतो. डबा उघडतांच व्हिनिगरसारखा आंबट वास आला तर ती आंकसूं लागली आहे असें समजावें. अशी फिल्म इतरांपासून निराळी काढून आधीं वाचून घ्यावी. प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत, कागदी पाकिटें बरीं. आणि संगणकांत उतरविल्यावर अस्सल निगेटिव्ह टाकूं नये. संगणकाची तबकडी दहा वर्षांत बिघडते. थंड, कोरड्या जागेंतील कांचेची प्लेट शंभर वर्षें राहिलेली आपण पाहतों.

या अंकांतील जुनीं चित्रें कडा न कापितां छापिलीं आहेत. ज्यांचीं नांवें कळलीं तीं दिलीं आहेत. ज्यांचीं कळलीं नाहींत त्यांच्याखालीं आंकडा घातला आहे. त्या तीन बाया व कासरा धरलेला पुरुष यांच्याखालीं अद्याप आंकडेच आहेत. कोणास ओळख पटल्यास फादरांच्या कचेरींत ठेविलेल्या वहींत लिहावें. ओळखूं शकणारें माणूस थकलेलें असून घराबाहेर पडत नसेल तर निरोप धाडावा. मोठी प्रत घेऊन आम्ही घरीं येऊं.