जंत, माती आणि शाळा

वर्गात पेंगणाऱ्या, फिकट चेहऱ्याच्या मुलाला आपण चटकन ‘आळशी’ ठरवतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या दक्षिण भागातील गरीब शेतमजुरांनाही हेच विशेषण चिकटले होते. चार्ल्स स्टाइल्स या प्राणिशास्त्रज्ञाने १९०२ साली सांगितले, की हा आळस नव्हे. अंकुशकृमी, म्हणजेच हुकवर्म, आतड्याला चिकटून रक्त शोषतो, त्यातून आलेला हा अशक्तपणा आहे. ‘आळसाचा जंतू सापडला’ अशी वर्तमानपत्रांनी थट्टा केली. परंतु १९०९ मध्ये रॉकफेलर यांच्या दहा लाख डॉलरच्या देणगीतून मोहीम निघाली, तेव्हा तेथील सुमारे चाळीस टक्के शाळकरी मुले बाधित आढळली. औषधाने जंत पडत. पण संडास नसतील तेथे लागण पुन्हा होई.

याचे कारण कृमीच्या जीवनक्रमात आहे. त्याची अंडी विष्ठेतून जमिनीवर पडतात. ओलसर, सावलीच्या मातीत त्यांतून अळ्या निघतात आणि अनवाणी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरतात. रक्तावाटे फुफ्फुसात, तेथून घशात आणि गिळल्यावर आतड्यात असा त्यांचा प्रवास होतो. गोल जंताची अंडी मात्र मळके हात आणि न धुतलेल्या भाज्या यांतून पोटात जातात. त्याची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते!

हाच धडा आपल्या पुणे जिल्ह्यात देहू गावी पुन्हा गिरवला गेला. डॉ. सुहास मापुसकर १९६० च्या सुमारास तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. आजारांचे मूळ उघड्यावरील शौचात आहे हे ओळखून त्यांनी संडास बांधण्याचे काम हाती घेतले. पहिले संडास पावसाळ्यात ढासळले. मग अप्पा पटवर्धनांच्या कोकणातील कामाचा आधार घेऊन त्यांनी टिकाऊ रचना केली, पुढे संडासांना बायोगॅसची जोड दिली. मरणोत्तर पद्मश्री त्यांना २०१७ साली मिळाली.

२०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. केनियात १९९८ पासून झालेल्या अभ्यासात अशा औषधाने शाळेतील गैरहजेरी सुमारे पाव हिश्शाने घटली. मात्र सर्वांना सरसकट गोळी दिल्याने वजन फारसे वाढत नाही, असेही नंतरच्या आढाव्यांत दिसले. गोळी जंत पाडते. ताटातले अन्न ती वाढवत नाही.

आता इंदापूर तालुक्यातील लासुर्ण्याचा परिसर डोळ्यांपुढे आणा. कोरडी, तापलेली माती अळ्यांना मारक ठरते. पण नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर भिजणारी, उसाच्या सावलीतली सरी त्यांना मानवणारी. १० फेब्रुवारीला, म्हणजे गोळीच्या दिवशी, तोडणीचा हंगाम चालू असतो. कोपीवर राहणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या मुलांचे नाव गावच्या हजेरीपटावर नसले, तर गोळी त्यांना चुकते. संडासही बहुधा नसतो.

म्हणून शिक्षकांनी त्या दिवशी दोन गोष्टी पाहाव्यात: हजेरीपटाबाहेरची मुले गोळीपर्यंत पोहोचली का, आणि शाळेच्या संडासात पाणी व हात धुण्याच्या जागी साबण आहे का. पहिलीने आजचे जंत जातील. दुसरीने उद्याचे टळतील.