चवदार तळ्याच्या साली मिळालेली पदवी

महाडमध्ये 1927 हे साल चवदार तळ्याचे. 20 मार्चला तळ्याचे पाणी प्यायले गेले, 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. या दोन तारखांच्या मध्ये, 8 जूनला, कोलंबिया विद्यापीठाने डॉ. आंबेडकरांना रीतसर पीएच.डी. दिली, हे मात्र फारसे बोलले जात नाही. 1913 साली न्यूयॉर्कला गेलेल्या विद्यार्थ्याच्या हाती ती पदवी पडायला 14 वर्षे लागली. बुद्धी कुठे कमी पडली नव्हती. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपली, म्हणून न्यूयॉर्कनंतर लंडनमध्ये सुरू केलेला अभ्यास 1917 मध्ये अर्धवट टाकून परतावे लागले. पुस्तकांचे सामान घेऊन निघालेले जहाज टॉर्पेडोने बुडाले. शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे बडोद्यात नोकरी धरली, तर त्या शहरात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. मग सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीच्या पगारातून पैसे साठवले, शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांचे साहाय्य घेतले, आणि 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठले. तिथली डी.एस्सी. 1923 मध्ये झाली. कोलंबियाचा नियम असा, की प्रबंधाच्या छापील प्रती दिल्याशिवाय पदवी नाही. त्या प्रबंधाचे पुस्तक 1925 साली निघाले. पैसा, करार, निवारा, छपाई: पदवी अडली ती एवढ्यांपायी.

यावर कोणी म्हणेल, असामान्य माणसाच्या चरित्रावरून सर्वसामान्यांसाठी नियम काढू नये. मला नेमके उलटे वाटते. एवढ्या कुवतीचा माणूसही पैशापायी अर्ध्या वाटेवरून परत फिरतो, तर साध्या घरातून आलेल्या संशोधकाने वेळेत प्रबंध पुरा करावा ही अपेक्षा कशाच्या जोरावर ठेवायची? बार्टी, सारथी, महाज्योती या शासकीय संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी विद्यार्थ्यांना वारंवार आंदोलनाला बसावे लागले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2022 चे नियम पीएच.डी.ला किमान तीन आणि साधारणपणे कमाल सहा वर्षे देतात. घड्याळ प्रवेशाच्या दिवसापासून चालू होते. पैसे त्याच वेगाने येतातच असे नाही.

पदवीनंतरची कथाही जुनीच. 2018 च्या नियमांनी विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकाला पीएच.डी. सक्तीची ठरवली, तिची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आणि जुलै 2023 मध्ये ती ऐच्छिक झाली. ज्यांनी त्या अटीवर भरवसा ठेवून उमेदीची वर्षे घातली, त्यांच्यापैकी कित्येक आज तासिका तत्त्वावर शिकवतात. या वेळी 'पीएच.डी. करून दिवे काय लावणार?' हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर महाडच्या औद्योगिक वसाहतीत शोधता येते. बिरवाडीच्या आसपास रासायनिक कारखान्यांची रांग आहे. इथे आयसोब्युटिल बेंझिन तयार होते, ज्यापासून पुढे आयबुप्रोफेन बनते. असे रसायन शोधणारा, त्याची प्रक्रिया बसवणारा आणि उरलेल्या सांडपाण्याचे काय करायचे हे ठरवणारा माणूस संशोधकच असतो. सावित्री आणि काळ नद्यांच्या काठच्या गावांना तर त्या तिसऱ्या कामाची आधी गरज आहे.

कारखानदार म्हणतील, इथे आम्हाला पाळीवर उभा राहणारा बी.एस्सी. झालेला ऑपरेटर हवा, डॉक्टर नको. कारखाना चालवण्यापुरते हे खरे आहे. पण माल इथे आणि प्रयोगशाळा पुण्या-मुंबईला, ही वाटणी मालकांच्या सोयीची आहे, निसर्गाने घालून दिलेली नाही. लोणेऱ्याला, महाडच्या उत्तरेला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याच नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. वसाहतीतल्या कारखान्यांनी तिथल्या संशोधकांना सांडपाण्याचे आणि प्रक्रियेचे खरे प्रश्न द्यावेत, त्यांच्या प्रबंधाचा खर्च उचलावा आणि पदवीनंतर त्यांच्यासाठी महाडमध्येच पगारी जागा ठेवाव्यात. शासनाने अधिछात्रवृत्ती दर महिन्याला द्यावी, पगार देतात तशी.