वक्तृत्वाची हुंडी

राष्ट्रनेत्याच्या अंगीं वक्तृत्व किती असावें, हा वाद आपल्या सुशिक्षित घरांत नवा नाहीं. एक पक्ष म्हणतो, निद्रिस्त राष्ट्रें वाणीनेंच जागीं होतात. दुसरा म्हणतो, भाषणें ही वाफ, राज्यें कर्तृत्वावर चालतात. या वादाचा निर्णय करूं पाहणारानें विन्स्टन चर्चिल यांचें चरित्र अवश्य चाळावें. त्यांच्या वाणीचें तेज इंग्लंडानें पाहिलें, आणि तिची झळ आपल्या देशानें सोसली. म्हणून आम्हांस तें विशेष बोधप्रद वाटतें.

१० मे १९४० रोजीं चर्चिल पंतप्रधान झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस फ्रान्सचा कणा मोडत चालला होता, आणि इटलीच्या मध्यस्थीनें तहाच्या अटी कशा मिळतात हें निदान पाहावें, असा लॉर्ड हॅलिफॅक्स यांचा आग्रह होता. २८ मे रोजीं चर्चिल यांनीं युद्धमंत्रिमंडळाबाहेरील मंत्र्यांना बोलावून शेवटपर्यंत लढण्याचा आपला निश्चय सांगितला. मंत्र्यांनीं एकमुखानें संमति दिली, आणि तहाची भाषा मागें पडली. बंद दाराआडचें हें भाषण देशाच्या कानीं पडलें नाहीं. परंतु इतिहासाचें पारडें ज्या भाषणांनीं फिरविलें, त्यांत त्याची गणना केली पाहिजे.

पुढें ४ जून रोजीं ते कॉमन्स सभेंत बोलले. डंकर्कहून ३,३८,००० हून अधिक सैनिक सुटून आल्यामुळें लोक हर्षभरित झाले होते. चर्चिल यांनीं त्या हर्षावर प्रथम पाणी शिंपडलें. माघारीनें युद्धें जिंकलीं जात नाहींत, आणि घडलें तें मोठेंच लष्करी अरिष्ट होय, हें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. आणि मगच किनाऱ्यावर, शेतांत व रस्त्यांत लढण्याचा निर्धार उच्चारला. आधीं सत्य आणि मग धीर, या क्रमांतच त्या भाषणाचें बळ आहे असें आम्ही समजतों. संकट लपवून दिलेला धीर पहिल्याच आघातासरशीं ओसरतो.

परंतु वाणीची मर्यादाही येथेंच दिसते. १९३१ पासून १९३५ पर्यंत याच पुरुषानें, याच आवेशानें, हिंदुस्थानास राजकीय सुधारणा देण्यास विरोध केला. तरी १९३५ चा कायदा पार्लमेंटानें मंजूर केलाच. वक्ता तोच, भाषाही तीच. मग फळ निराळें कां? १९४० सालीं संकट दाराशीं आलें होतें, आणि वक्त्याचा निश्चय लोकांच्या मनांत अर्धवट उमललेल्या निश्चयाशीं जुळला. शिवाय ज्या हरिकेन व स्पिटफायर विमानांनीं आणि रडारच्या ज्या साखळीनें त्या उन्हाळ्यांत इंग्लंड तगलें, त्यांची सिद्धता चर्चिल अधिकाराबाहेर असतांनाच सुरू झाली होती. शब्दांमागें शस्त्र नसतें, तर तेच शब्द उपहासास पात्र झाले असते.

उदात्त भाषण ही एक हुंडी आहे. ती लिहिणारास वटवावी लागते. ऑगस्ट १९४१ मध्यें चर्चिल व रूझवेल्ट यांनीं अटलांटिक सनद प्रसिद्ध केली. आपली राज्यपद्धति निवडण्याचा सर्व लोकांचा हक्क तींत मान्य केला होता. तो शब्द आपणांसही लागू असेल, असें येथें अनेकांस वाटलें. परंतु ९ सप्टेंबर रोजीं चर्चिल यांनीं खुलासा केला कीं, हें कलम मुख्यत्वें नाझी जोखडाखालील युरोपीय राष्ट्रांस उद्देशून आहे. स्वातंत्र्याच्या त्या वाणीला आमच्या दाराशीं येतांच वाचा राहिली नाहीं! ज्या वाणीनें एका राष्ट्रास उभें केलें, तिनेंच दुसऱ्याचा विश्वास गमावला.

२६ जुलै १९४५ रोजीं निवडणुकीचा निकाल लागला. मजूरपक्षानें ३९३ जागा जिंकल्या, आणि क्लेमंट ॲटली पंतप्रधान झाले. त्यांचें बोलणें तुटक व नीरस. पण २० फेब्रुवारी १९४७ रोजीं त्यांनीं जून १९४८ च्या आंत सत्ता सोडण्याची घोषणा केली, आणि ती मुदतीपूर्वीच, १५ ऑगस्ट १९४७ रोजीं, खरी झाली. त्या सत्तांतराच्या घाईचे व फाळणीच्या रक्तपाताचे दोष कोणी लहान मानूं नयेत. तथापि दिलेला शब्द वटला, हें नाकारतां येत नाहीं.

यावरून वक्तृत्व निरर्थक, असा निष्कर्ष आम्ही काढीत नाहीं. लोक खचलेले असतां त्यांस उभें करणारी वाणी हें राष्ट्राचें खरेंखुरें धन आहे. १९४० सालीं ॲटली यांच्या स्वरानें तें काम झालें नसतें. आमचें म्हणणें एवढेंच कीं, टाळ्यांच्या गजरांत नेत्याचें मोल ठरवूं नये. त्यानें अप्रिय सत्य सांगितलें काय, त्याच्या शब्दामागें तयारी आहे काय, आणि स्वतःसाठीं मागितलेला न्याय तो परक्यासही देतो काय, हें सभेहून घरीं परततांना श्रोत्यांनीं आपल्या मनाशीं विचारावें. तिसऱ्या प्रश्नापाशीं चर्चिल यांच्यासारखा वाक्पटुही निरुत्तर होतो. आपल्या नेत्यांना तो विचारण्यास आपण कचरूं नये.