शिळे पेट्रोल

शिळे पेट्रोल म्हणजे दीर्घकाळ वापराविना साठून राहिल्याने मूळ गुणधर्म बदललेले पेट्रोल. पेट्रोल अन्नासारखे नासत नाही. मात्र त्यातील हलके घटक उडून जातात, काही घटकांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन चिकट राळ बनते आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोलात पाणी शिरू शकते. उभ्या वाहनाच्या टाकीतील पेट्रोल साधारणतः तीन महिन्यांनंतर संशयास्पद मानले जाते. घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, थंड जागी ते बराच अधिक काळ टिकते.

कारणे

पेट्रोल हे प्रामुख्याने चार ते बारा कार्बन अणू असलेल्या हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील ब्यूटेन, पेंटेन यांसारख्या हलक्या घटकांमुळे थंड इंजिन चटकन सुरू होते, आणि नेमके तेच सर्वांत आधी उडून जातात. टाकी दिवसा तापली की आतील वाफ बाहेर पडते. रात्री ती थंड झाली की बाहेरची हवा आत ओढली जाते. अकोल्यात मे महिन्यात कमाल तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्यामुळे जठारपेठेसारख्या निवासी भागात अंगणात उन्हात उभ्या असलेल्या दुचाकीच्या टाकीत ही क्रिया थंड हवेच्या प्रदेशापेक्षा कितीतरी वेगाने घडते. २५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत असंख्य वाहने ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर अशीच उभी राहिली होती.

ऑक्सिडीकरणाचा वेगही उष्णतेने वाढतो. असंपृक्त हायड्रोकार्बनांपासून प्रथम पेरॉक्साइडे आणि पुढे राळ बनते. तांब्याच्या संपर्काने ही क्रिया आणखी जलद होते. म्हणून शुद्धीकरण कारखान्यातच पेट्रोलात ऑक्सिडीकरणरोधक मिसळतात. आयएस २७९६ या भारतीय मानकानुसार राळेचे प्रमाण दर घनमीटरला ४० ग्रॅमपेक्षा अधिक असू नये.

इथेनॉल आणि पाणी

भारतात इथेनॉल मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले. त्यांतील दोन महाराष्ट्रात मनमाड व मिरज येथे होते. २०२२ मध्ये देशाने सरासरी दहा टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला आणि ६ फेब्रुवारी २०२३ रोजी वीस टक्के मिश्रणाच्या पेट्रोलची विक्री सुरू झाली. इथेनॉल पाणी शोषते. पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेल्यास इथेनॉल व पाणी यांचा वेगळा थर टाकीच्या तळाशी बसतो आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन क्रमांक घटतो. पावसाळी दमट हवेतून शोषले जाणारे पाणी थोडे असते; खराब झाकणातून आत गेलेले पावसाचे पाणी हे अधिक मोठे कारण होय. तापमान उतरले की पाणी सामावून घेण्याची क्षमता कमी होते, त्यामुळे पावसाळ्यातला दोष कधी कधी हिवाळ्यात उघड होतो.

इंजिनावरील परिणाम

बिघाडाची सुरुवात बहुधा टाकीत नव्हे, तर कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये होते. तेथील थोडेसे पेट्रोल काही आठवड्यांत आटते आणि राळ जेटचे बारीक छिद्र बुजवते. टाकीतील पेट्रोल चांगले असूनही वाहन सुरू होत नाही ते यामुळे. इंधन-अंतःक्षेपण प्रणाली बंदिस्त असल्याने तिला हा त्रास उशिरा होतो, पण झाल्यास खर्च जास्त येतो. अर्थात दोष पेट्रोलचाच असतो असे नाही. उभ्या वाहनात बॅटरी त्याआधीच उतरलेली असते.

वऱ्हाडात कपाशी व सोयाबीनवरील पेट्रोलचलित फवारणी पंपांत हा दोष ठळकपणे दिसतो. हंगाम संपल्यावर पंप थेट पुढील खरिपात बाहेर निघतो. दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेले असते. पेट्रोल उडून गेल्यावर जेटमध्ये दाट ऑइलच उरते.

साठवण व विल्हेवाट

पंपासारखे छोटे इंजिन हंगामाअखेर टाकी रिकामी करून, ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवून ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. मोटारीची टाकी मात्र जवळजवळ भरलेली ठेवतात, म्हणजे आत हवेला जागा कमी राहते. स्थिरीकारक द्रव ताज्या पेट्रोलातच उपयोगी पडतो. शिळे झालेले पेट्रोल त्याने सुधारत नाही. किंचित जुने पेट्रोल भरपूर ताज्या पेट्रोलात मिसळून वापरता येते. आंबूस वास येणारे, गडद झालेले किंवा तळाशी थर साचलेले पेट्रोल काढून टाकावे लागते.

काढलेले पेट्रोल गटारात ओतणे घातक आहे, कारण त्याची वाफ हवेपेक्षा जड असते आणि सखल जागी साचून दूरच्या ठिणगीनेही पेटते. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याविना ३० लिटरपर्यंत बाळगता येते. त्यासाठी घट्ट बुचाची काचेची किंवा चिनीमातीची एक लिटरपर्यंतची, अथवा धातूची २५ लिटरपर्यंतची भांडी चालतात. प्लास्टिकच्या बाटलीचा त्या तरतुदीत उल्लेख नाही.