गाजरगवताची जन्मकथा

श्रोतेहो, मागच्या व्याख्यानानंतर एक प्रश्न अर्धाच राहिला होता. परकीय वनस्पतींमुळे आपल्याकडची मूळची गवतं, झुडपं आणि त्यांच्यावर जगणारे किडे-पक्षी धोक्यात येतात, असं सगळे म्हणतात. पण परकीय ठरवायचं कोणी आणि कशावरून? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, वनस्पतिशास्त्र नाही. तेव्हा सिद्धांत बाजूला ठेवून एकाच रोपाचा इतिहास सांगतो. सगळ्यांच्या ओळखीचं आहे ते : गाजरगवत.

पांढरफुली, चटकचांदणी, काँग्रेस अशी त्याला बरीच नावं आहेत. काँग्रेस का, तर पांढऱ्या टोप्यांसारखी फुलं म्हणून, असं एक जण सांगतो. अमेरिकन काँग्रेसने पाठवलेल्या गव्हातून आलं म्हणून, असं दुसरा सांगतो. दुसरी कथा जास्त रुजली. 'पी.एल. ४८०' खाली अमेरिकेने गहू दिला, गव्हाबरोबर हे तण दिलं, आणि तेव्हापासून आपल्या जमिनीची वाट लागली. रेशनच्या रांगेत उभं राहून तो लालसर गहू आम्हीही घरी आणलेला आहे, त्यामुळे ही कथा आम्हाला पटायला फार सोपी होती. वर्गातही एकदोनदा ठोकून दिली असेल.

आता तारखा बघा. 'पी.एल. ४८०' हा कायदा अमेरिकेत झाला जुलै १९५४ मध्ये. त्याखाली भारताशी पहिला करार झाला २९ ऑगस्ट १९५६ला. आणि पुण्यात, उकिरड्याच्या जागी, हे रोप दिसलं १९५५ साली. त्याची शास्त्रीय नोंद लगेच १९५६मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली. म्हणजे आरोपी गावात पोचण्याआधीच गुन्हा घडलेला! यावरून गहू निर्दोष ठरतो असं मात्र नाही. १९५१ साली अमेरिकेने वेगळा कायदा करून भारताला धान्यासाठी कर्ज दिलं होतं, २० लाख टन धान्याची ती गोष्ट. तेव्हा बी धान्यातून आलं असणं सहज शक्य आहे. पण ज्याच्या नावाने आपण बोटं मोडतो तो करार नंतरचा आहे.

याहून मोठी अडचण पुढे आहे. कलकत्त्याच्या कंपनी सरकारच्या बागेतल्या वनस्पतींची यादी रॉक्सबर्गने केली, ती १८१४ साली छापली गेली. त्या यादीत या रोपाची नोंद सापडते. म्हणजे देशात ते कुठेतरी होतंच, आणि सव्वाशे-दीडशे वर्षं कोणाच्या डोळ्यांत खुपलं नव्हतं. तेच रोप पुढे पसरलं की पुन्हा नव्याने बी आलं, हा वाद तज्ज्ञांवर सोडू. आमचा प्रश्न वेगळा आहे. बी तर कुठूनही येतं. त्याला रुजायला जागा कोणी दिली?

पानशेतचा पूर आला, १९६१, तेव्हा आम्ही शाळेत होतो. पडक्या वाड्यांच्या चौथऱ्यांवर नंतर एकदोन पावसाळ्यांत काय काय उगवलं ते आठवतं. गाजरगवताला अशीच जागा लागते : उकरलेली, उघडी पडलेली, धनी नसलेली. रस्त्यांच्या कडा, कालव्यांचे भराव, रेल्वेचे रूळ, राडारोडा, चरून चरून टक्कल पडलेली गायरानं. स्वातंत्र्यानंतर अशा जागा आपण भराभर तयार केल्या. बी बारीक, ट्रकच्या चाकाच्या चिखलात बसूनही गावोगाव जातं. एक पोसलेलं रोप दहा-पंधरा हजार बिया टाकतं. गुरं ते टाळतात, म्हणून गुरं जितकी जास्त तितकं शेजारचं चांगलं गवत संपतं आणि हे उरतं. शिवाय त्याच्या अंगच्या द्रव्यांनी आसपासच्या रोपांची उगवण रोखली जाते. माणसाच्या कातडीला खाज येते ती वेगळीच. पाऊस अवेळी पडला तरी याची तक्रार नसते, ओल मिळाली की उगवलं. आपली माळावरची गवतं मृगाची वाट बघत बसतात. हवामान लहरी झालं की त्याचा फायदा कोणाला, हे निराळं सांगायला नको.

परकेपणाचं म्हणाल तर आषाढी एकादशीचं ताट समोर घ्या. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची, रताळं. सगळं मूळचं अमेरिका खंडातलं, आणि सगळं उपासाला चालतं! उगम हा एक प्रश्न आहे आणि उपद्रव हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दिलं म्हणजे दुसऱ्याचं दिलं असं होत नाही. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्ही हे शिकवत होतो, आणि मुलं नापासही होत होती.

आता उलट बाजू. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी, आपणच लावलं. हिरवं दिसावं म्हणून. तेही अमेरिकेकडचं. त्याची कोणी जन्मकथा सांगत नाही, कारण त्याचा दोष दुसऱ्यावर टाकता येत नाही. इंग्रजांनी माळाला 'पडीक' म्हटलं, महसूल येत नाही म्हणून; आपण तोच शब्द पुढे चालवला आणि पडीक जागी झाडं लावणं पुण्याचं काम ठरलं. त्या पडीक माळावर माळढोक अंडी घालत होता. झाडात नव्हे, उघड्या जमिनीवर, जिथून चारी बाजूंना दिसतं. सोलापूरकडे नान्नजला १९७९ साली अभयारण्य झालं ते त्याच्यासाठी. आज तिथे माळढोक दिसणं ही बातमी होते. सगळा दोष झाडांचा नाही, शेती, विजेच्या तारा, बरंच आहे. पण उघडा माळ ही संपत्ती आहे हेच आपल्याला उशिरा कळलं.

गाजरगवतावर उपाय म्हणून १९८३ साली मेक्सिकोतून एक भुंगेरा बंगळूरला आणला, पुढच्या वर्षी सोडला. पावसाळ्यात तो पानं खाऊन फस्त करतो, उन्हाळ्यात जमिनीत दडून बसतो, आणि गवत तेवढ्यात उरकून घेतं. पुढे तो सूर्यफुलावर दिसला म्हणून गदारोळही झाला. परक्याला हुसकायला दुसरा परका, हे आम्हाला गमतीचं वाटतं, पण चुकीचं वाटत नाही. त्याच्या मर्यादा ठाऊक असल्या म्हणजे झालं.

आमच्या घरामागच्या टेकडीवर आम्ही काही म्हातारे दर ऑगस्टला जातो. हातमोजे घालून, जमीन ओली असताना, फुलं येण्याआधी मुळासकट उपटायचं. पहिल्या वर्षी एक पट्टा अगदी स्वच्छ केला, फोटो काढले, चहा प्यायलो. दुसऱ्या वर्षी तिथे टाकळ्यासारखं काहीतरी दाट माजलेलं. जाणकाराला दाखवलं तर म्हणाला, हा टाकळ्याचा चुलत भाऊ, हाही अमेरिकेतलाच. तेव्हापासून पिशवीत मारवेल आणि पवन्याचं बी घेऊन जातो. उपटलं की त्याच जागी टाकायचं. यंदा वरच्या अंगाला पाचसहा हात मारवेल धरलाय. खालच्या अंगाला धरला नाही, तिथून दुचाकी जातात.