लुटुपुटीची पेढी

कारकुनी शिकावयाची म्हणजे दप्तरात बसावयाचे, ही आपल्याकडील जुनी रीत. मोडीचे वळण घोटून झाले की मुलास एखाद्या जाणत्याच्या हाताखाली बसवीत. तो खर्डे उतरून काढी, बेरजा ताडून पाही आणि पगार सुरू होईपर्यंत उमेदवारी करी. हेमाद्रीच्या नावावर चालत आलेल्या मेस्तकात लेखनव्यवहाराचे नियम सापडत. परंतु हात बसे तो दप्तरातच. व्यापाराची कथाही निराळी नव्हती. पेढीवरचा पोऱ्या आधी झाडलोट करी, मग तागडी धरी, आणि पुष्कळ वर्षांनी खतावणीला हात लावी. प्रश्न उरे तो एवढाच, की ज्याच्या घरी पेढी नाही आणि ज्याला कोणी पेढीवर घेत नाही, त्याने व्यापार शिकावा कोठे?

या प्रश्नाचे एक उत्तर पाश्चात्त्य देशांनी हळूहळू घडविले. खरी पेढी मिळत नसेल तर शाळेतच लुटुपुटीची पेढी मांडावी, हे ते उत्तर होय. त्याचा इतिहास वरवर करमणुकीचा दिसला, तरी आपल्यासारख्या नोकरीपेशा मंडळींनी तो लक्षपूर्वक वाचावा असा आहे.

१७६८ मध्ये हॅम्बुर्ग येथे एक व्यापारी विद्यालय निघाले. योहान गेऑर्ग ब्यूश हा गणिताचा अध्यापक पुढे त्याचा चालक झाला. हिशेब, पत्रव्यवहार, परकीय भाषा आणि व्यापारी भूगोल हे तेथील विषय. १७९० मध्ये अलेक्झांडर फोन हुम्बोल्ट हा तरुण तेथे दाखल झाला. मुलाने सरकारी नोकरीत शिरावे अशी त्याच्या आईची इच्छा होती, आणि १७९२ मध्ये प्रशियाच्या खाणखात्यात तो रुजूही झाला. पुढे त्याने राजीनामा देऊन दक्षिण अमेरिकेचा मार्ग धरला आणि भूगोलशास्त्राचा कायापालट केला. ज्ञात गोष्टींच्या वह्या लिहावयास शिकून अज्ञाताकडे निघालेला हा अधिकारी आपल्या विषयाचा पहिला नायक म्हणावयास हरकत नाही.

त्या काळच्या व्यापारी शाळांत एखादा काल्पनिक व्यापारी कल्पून त्याच्या नावाने वह्या लिहविण्याची पद्धत रूढ होती. परंतु वही एकट्याने लिहिता येते. व्यापार एकट्याने होत नाही. ही उणीव भरून काढण्याचा मोठा प्रयत्न झाला तो अमेरिकेत. १८५४ मध्ये ब्रायंट आणि स्ट्रॅटन यांनी बफलो येथे आपले व्यापारी विद्यालय उभारले आणि थोड्याच वर्षांत निरनिराळ्या शहरांत त्याच्या शाखा पसरल्या. अशा विद्यालयांत वर्गाच्या भिंतीला लागून एक बँक असे, एक टपालकचेरी असे आणि विद्यार्थ्यांच्या देवघेवीसाठी खास छापलेल्या नोटा असत. एका शहरातील विद्यार्थी दुसऱ्या शहरातील विद्यार्थ्याकडे टपालाने माल मागवी. माल कधी निघत नसे, पण पत्र निघे, पावती येई आणि चूक झाली तर तक्रारही येई. त्या नोटा आज नाणकशास्त्राच्या हौशी मंडळींच्या संग्रहात मानाने बसल्या आहेत.

विसाव्या शतकात या कल्पनेला दोन फाटे फुटले. १९१९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे ‘ज्युनिअर अचीव्हमेंट’ ही संस्था निघाली. तिच्या संस्थापकांत कागदाचे कारखानदार होरेस मोझेस आणि दूरध्वनी कंपनीचे थिओडोर व्हेल हे होते. मुलांनी भागभांडवल गोळा करावे, लहानसहान वस्तू बनवाव्या, विकाव्या आणि शेवटी हिशेब चुकता करावा, असा तिचा क्रम. येथे पैसा थोडा असे, पण तो खरा असे. दुसऱ्या फाट्याने पैसा खोटाच ठेवला आणि व्यवहार मात्र अधिकाधिक खरा केला. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत बेकार प्रौढांना नवा व्यवसाय शिकविण्यासाठी ‘सरावाच्या पेढ्या’ वाढल्या, तर ऑस्ट्रियात १९९० नंतरच्या दशकात त्या व्यापारी माध्यमिक शाळांच्या अभ्यासक्रमाचा आवश्यक भाग झाल्या.

हे नेमके त्याच वेळी का घडले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. १९८९ मध्ये पूर्व युरोपातील राजवटी कोसळल्या. चेकोस्लोव्हाकियात किंवा हंगेरीत मुलाला व्यापार शिकावयाचा म्हटले, तर ज्याच्या हाताखाली त्याला बसवावे असा स्वतंत्र व्यापारी मोठ्या प्रमाणावर शिल्लकच नव्हता. उमेदवारीची परंपरा एका पिढीत तुटली होती. अशा देशांत शेजारच्या ऑस्ट्रियातील आणि जर्मनीतील ही पद्धत झपाट्याने रुजली. जेथे गुरूची गादी रिकामी पडते तेथे लुटुपुटीची पेढी उभी राहते, हाच या इतिहासाचा निष्कर्ष म्हणता येईल. १९९७ मध्ये जर्मनीतील एसेन येथे अशा पेढ्यांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. न्यूयॉर्कच्या शासकीय शाळांनीही १९९६ मध्ये हाच कित्ता गिरविला. पुढे संघाचा व्याप चाळिसांहून अधिक देशांत आणि हजारो पेढ्यांपर्यंत वाढला.

या पेढीचे कामकाज मोठे मौजेचे असते. सोळा-सतरा वर्षांची मुले खरेदी, विक्री, हिशेब आणि नोकरवर्ग असे विभाग वाटून घेतात. एक मध्यवर्ती कचेरी त्यांच्यासाठी बँक होते, करखाते होते आणि जकातनाकेही होते. ग्राझची पेढी ब्रातिस्लाव्हाच्या पेढीकडे माल मागविते. बीजक येते, कर आकारला जातो, मुदत टळली तर स्मरणपत्र जाते. वर्षातून एकदा जत्रा भरते आणि देशोदेशींची मुले आपापली दुकाने मांडून बसतात. माल आणि पैसा या दोन गोष्टी तेवढ्या खोट्या. बाकी सारे खरे.

येथे आक्षेप येतो, आणि तो दुबळा नाही. बुडाले तरी ज्यात घर बुडत नाही तो कसला व्यापार? पाण्यात पडल्यावाचून पोहता येत नाही, हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे. शिवाय नोंदी, पावत्या, स्मरणपत्रे यांनी भरलेली ही पेढी पाहिली, की आपल्यापैकी कोणासही ती आपल्याच कचेरीची धाकटी बहीण वाटेल. अशाने उत्तम कारकून तयार होईल. साहसी उद्योजक होईल काय?

मला वाटते, या आक्षेपाचे अर्धे उत्तर त्या परक्या शहरातील मुलापाशी आहे. वर्गातील प्रश्नपत्रिका शिक्षक तपासतो. तो आपल्याला ओळखतो आणि चुकलो तरी सांभाळून घेतो. परंतु दूरच्या गावच्या पेढीला पाठविलेल्या पत्राचे उत्तरच आले नाही, तर तेथे रागावणारा कोणी नसतो आणि समजूत घालणाराही नसतो. आपला माल दुसऱ्याला का हवासा वाटावा, हा प्रश्न मुलाच्या मनात तेथे प्रथमच उमटतो. नुकसानीची झळ त्या पेढीत नाही हे खरे. पण नकाराची आहे. आणि नकार सोसून पुन्हा पत्र लिहावयास बसणे, ही उद्योगाची पहिली पायरी आहे. उरलेले अर्धे उत्तर मात्र खऱ्या पैशापाशीच आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

आपल्याकडे १९१३ मध्ये मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय निघाले आणि वाणिज्य हा पदवीचा विषय झाला. परंतु पदवी घेऊन आपली मुले बहुधा नोकरीच्याच दारात उभी राहिली. त्यांना दोष कसा द्यावा? बदलीच्या गावी वाढलेल्या मुलाने घरात नेमणुकीचा हुकूम आलेला पाहिला, निवृत्तिवेतनाचा हिशेब ऐकला. पेढी पाहिली नाही. त्याच्यापुरती गुरूची गादी रिकामीच राहिली. दिल्लीच्या शासकीय शाळांत २०१९ मध्ये उद्योजकतेचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि २०२१ मध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना प्रत्येकी २,००० रुपयांचे बीजभांडवल देण्याची योजना निघाली, ती हीच गादी भरून काढण्याच्या उद्देशाने.

एक गोष्ट मात्र बदलीच्या नोकरीने आपल्या मुलांना नकळत दिलेली आहे. नवे गाव, नवी भाषा, नवा शेजार, आणि पुन्हा प्रारंभापासून ओळख करून घेणे, ही परक्याशी व्यवहार करण्याची उमेदवारी त्यांनी लहानपणीच पुरी केलेली असते. तिचा उपयोग त्यांनी कोठे करावा, हे आपण ठरवावयाचे नाही. एखाद्या संध्याकाळी मुलगा उद्योगाची गोष्ट काढील, तेव्हा ‘आधी परीक्षा दे’ हे वाक्य आपल्या ओठांवर तयारच असेल. ते क्षणभर आवरून त्याचा हिशेब ऐकून घ्यावा, इतकेच.